कागदाचे किमोनो

मानखुर्दच्या आमच्या घरात खिडकीपाशी शिवणयंत्राचे एक जुने मेज आहे. यंत्र केव्हाच गेले; मेज मात्र राहिले. नोकरीतून मोकळा झाल्यापासून संध्याकाळचे दोनएक तास मी त्या मेजाशी बसतो आणि कागदाचे कपडे बेततो. हे ऐकले की पाहुणे आधी माझ्याकडे आणि मग सहानुभूतीने माझ्या पत्नीकडे पाहतात. तिने आपल्यापुरता यावर तोडगा काढून ठेवला आहे. "ते कार्डे करतात," एवढे सांगून ती चहाचे आधण ठेवायला आत निघून जाते. कार्डे म्हणजे भेटकार्डे, आणि कपडे म्हणजे चार बोटे उंचीचे जपानी किमोनो. साठी उलटलेल्या मराठी गृहस्थाने करावा असा हा उद्योग नव्हे, हे मला मान्य आहे. पण छंद माणसाच्या वयाची किंवा गोत्राची चौकशी करून घरात येत नाही.

या छंदाचे खापर मी माझ्या पुतणीच्या माथ्यावर फोडतो. लग्न झाल्यावर ती तोक्योस गेली आणि निशिकासाई या भागात तिने बिऱ्हाड केले. तेथे आपल्याकडची पुष्कळ कुटुंबे राहतात. ती लहान असताना मी तिला संक्रांतीची कार्डे करून देत असे. त्या काळी तिळगूळही टपालाने जाई. कार्डावर दोन ओळी आणि पाकिटात हलव्याचे चार दाणे. पाकीट पोचेपर्यंत त्या दाण्यांचा काटा मोडून गेलेला असे; पण गोडी शिल्लक राही. ही आठवण ठेवून तिने एका वर्षी मिठाईऐवजी कागदांचे चपटे पुडके पाठवले. सोबत चिठ्ठी होती, "काका, पूर्वी तुम्ही मला कार्डे करून देत होतात. आता कागद माझे, कार्डे तुमची."

तो कागद मी प्रथम हातात घेतला तेव्हा हे कागद आहे की कापड, असा मला खरोखरच प्रश्न पडला. तुतीच्या कुळातल्या एका झाडाच्या सालीपासून तो करतात. त्याचे तंतू इतके लांब असतात की फाडला तर तो सरळ फाटत नाही. कडेला लव सुटते. त्यावर किमोनोच्या कापडावरची नक्षी उतरवलेली असते. या नक्षीच्या एका प्रकाराला यूझेन म्हणतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस क्योतो शहरात मियाझाकी यूझेन या नावाचा पंखे रंगवणारा एक चित्रकार होऊन गेला. त्याच्यावरून हे नाव पडले. या रीतीत कापडावर तांदळाच्या खळीची बारीक रेघ ओढतात, म्हणजे एका पाकळीचा रंग दुसरीत उतरत नाही. रंग पक्का बसला की खळ धुऊन टाकतात. पूर्वी हे धुणे कामो नदीच्या वाहत्या पाण्यात चाले. ज्या खळीने फुलाला आकार दिला ती नदीतून निघून जाते आणि फूल कापडावर राहते, ही गोष्ट मला फार आवडली. खळीचा माझ्याशी पुढे आणखीही संबंध यायचा होता.

कार्डाची रीत सोपी आहे. खालचे जाड कार्ड मी पुण्याच्या हातकागद संस्थेच्या कागदाचे करतो. ही संस्था १९४० पासून चालत आली आहे आणि तिचा कागद सुती चिंध्यांच्या लगद्यापासून होतो. शिंप्याच्या दुकानातल्या कातरणांचा कागद व्हावा आणि त्या कागदावर पुन्हा कपडा बेतला जावा, हा कापडाचा पुनर्जन्मच म्हणायचा. त्यावर जपानी कागदाचा किमोनो चिकटवायचा. खरा किमोनोही असाच सरळ कातरीचा असतो. सुमारे ३६ सेंटिमीटर रुंद आणि १२ मीटर लांब अशा एका पट्ट्यातून तो निघतो. अंगाचे दोन तुकडे, बाह्यांचे दोन, पुढच्या पदरांचे दोन, गळपट्टी आणि तिच्यावरची पट्टी, असे आठ सरळ तुकडे. गोलाई कोठे नाही, म्हणून कातरणही जवळजवळ उरत नाही. जुन्या रीतीने तो धुवायचा तर शिवण उसवतात, तुकडे पुन्हा जोडून पट्टा करतात, धुऊन ताणून वाळवतात आणि पुन्हा शिवतात. आपल्या लुगड्याला कातर लागत नाही आणि त्यांच्या किमोनोला वळण लागत नाही. विणणाऱ्याच्या कष्टांविषयी दोहोंकडे सारखाच आदर दिसतो.

चिकटवायला मी मैद्याची खळ वापरतो. बाजारातला पांढरा गोंद अधिक पक्का असतो, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या लहानपणी वह्यांना पुठ्ठे घालायचे ते खळीनेच, आणि हाताला तीच सवय लागली आहे. आषाढात खाडीवरून ओला वारा सुटला की माझी कार्डे आपोआप उकलू लागतात आणि पत्नीला बोलण्याची संधी मिळते. "तुमचे किमोनो पावसाळ्यात टिकत नाहीत," ती म्हणते. मी म्हणतो, जुन्या चित्रांची डागडुजी करणारे जपानी कारागीरसुद्धा गव्हाच्या सत्त्वाची खळच वापरतात, कारण पुढेमागे ती पाण्याने सोडवता येते. यावर तिचे म्हणणे असे की जे पुढेमागे सोडवायचे ते चिकटवावे कशाला?

कागदांबरोबर पुतणीने त्यांच्या नक्षीचे अर्थही लिहून पाठवले होते, आणि खरे सांगायचे तर मला वेड लावले ते त्या अर्थांनी. एका कागदावर सहा टोकांच्या चांदण्या एकमेकींत गुंतल्या होत्या. त्या चांदण्या नव्हेत, भांगेच्या जातीच्या झाडाची पाने. ते झाड भराभर आणि सरळ वाढते, म्हणून ही नक्षी तान्ह्या मुलाच्या कपड्यावर काढतात. दुसऱ्यावर बाणांच्या पिसांच्या रांगा होत्या. सुटलेला बाण मागे फिरत नाही, म्हणून एके काळी सासरी जाणाऱ्या मुलीला हे कापड देत. तिसऱ्यावर अर्धवर्तुळांवर अर्धवर्तुळे रचली होती. ती शांत समुद्राची लाट. चौथ्यावर तर आपले स्वस्तिकच तिरपे होऊन हातात हात घालून उभे होते. त्यांच्याकडचा क्रौंच हजार वर्षे जगतो आणि कासव दहा हजार. मला आजीचे बोलणे आठवले. कोणत्या सणाला कोणते लुगडे, बाळंतिणीच्या खोलीत कोणता रंग, वर्षभर वर्ज्य असलेले काळे वस्त्र संक्रांतीलाच कसे शुभ होते, याचे एक संपूर्ण व्याकरण तिच्या जिभेवर होते. आम्ही ते ऐकले आणि ऐकता ऐकता विसरलो.

या सगळ्यामुळे जपान मला परके वाटेनासे झाले. त्याला आणखीही एक कारण होते. १८९३ साली कोबे आणि मुंबई यांच्यामध्ये जपानी जहाजांचा नियमित फेरा सुरू झाला. मुंबईच्या बाजारातला कापूस तिकडे जाई आणि पुढे तिकडचे कापड इकडे येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानी आगपेट्या आपल्याकडे घरोघर असत आणि त्यांच्या छापांवर आपल्याच देवदेवता विराजमान झालेल्या असत. त्याहून मागे, सोळाव्या-सतराव्या शतकांत, आपल्याकडची छापील चिटे फिरंग्यांच्या आणि डचांच्या जहाजांतून जपानात पोचली होती. तेथे त्यांना सारासा म्हणत आणि चहाची मौल्यवान भांडी गुंडाळण्यासाठी त्यांचे तुकडे जपून ठेवीत. तेव्हा ही नक्षीची देवघेव जुनीच आहे, आपण काही उसनवारी करीत नाही, असे मी स्वतःला समजावले. खिडकीतून पाहिले तर खाडीच्या बाजूला भरतीच्या पाण्यावर मला तीच अर्धवर्तुळे दिसू लागली. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरतात. क्रौंचाऐवजी मी कार्डावर रोहित बसवू लागलो. माणसाला एखादी गोष्ट आपली वाटू लागली की तो तिच्याविषयी विचारणे सोडून देतो. माझे तसेच झाले.

माझा शाळेपासूनचा एक स्नेही मुलुंडला राहत असे. त्याचे वडील शिंपी होते. त्यांच्या दुकानाच्या फळीवर बसून आम्ही दोघांनी गणिते सोडवली होती. पुढे तो आजारी पडला. एक शस्त्रक्रिया झाली, दुसरी झाली, आणि दुखणे लांबत चालले. पहिल्यांदा मी त्याला इस्पितळात पाहून आलो. त्यानंतर मात्र मी गेलो नाही. दर रविवारी जायचे ठरे आणि दर रविवारी काहीतरी निघे. मानखुर्दहून मुलुंडला जायचे म्हणजे कुर्ल्याला गाडी बदलावी लागते, हे कारण मी स्वतःला इतक्या वेळा सांगितले की अखेर ते मला पटले. खरे कारण निराळे होते. तो किती उतरला असेल ते मला पाहवणार नव्हते आणि तेथे जाऊन काय बोलावे ते मला सुचणार नव्हते. म्हणून मी त्याला कार्ड करायचे ठरवले.

त्या कार्डावर मी चार संध्याकाळी घालवल्या. शांत समुद्राच्या लाटेचा सर्वांत चांगला कागद मी राखून ठेवला होता, तो काढला. तोवर मी केलेले सारे किमोनो पाठमोरे असत. दांडीवर बाह्या पसरून किमोनो मांडतात तो पाठीकडूनच, कारण खरी नक्षी पाठीवर असते. पण आजारी माणसाला पाठमोरा किमोनो पाठवणे मला बरे दिसेना. म्हणून या वेळी मी तो समोरून केला. दोन पदर एकमेकांवर आणले, पांढरी गळपट्टी बसवली, कमरेला शेंदरी पट्टा बांधला. "लवकर बरा हो" असे आत लिहिले. पदरांविषयी पुतणीने चिठ्ठीत एकच सूचना केली होती, ती मला पाठ होती: डावी बाजू वर. त्याप्रमाणे माझ्या डाव्या हाताकडची बाजू मी वर घेतली आणि खळीने नीट बसवली. छायाचित्र काढून भ्रमणध्वनीवरून पुतणीला पाठवले आणि कार्ड संध्याकाळी टपालपेटीत टाकले. घरी येताना मला अगदी हलके वाटत होते. भेटीचे ऋण फिटले, अशी ती भावना होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणीचा दूरध्वनी आला. "काका, कार्ड फार सुरेख झाले आहे. पण ते कुणाला पाठवू नका हं."

"का? डावी बाजू वर, असे तूच लिहिले होतेस."

"डावी म्हणजे नेसणाऱ्याची डावी. बघणाऱ्याची नव्हे. उजवी बाजू वर घेतात ती फक्त..." ती थांबली. "गेलेल्या माणसाला नेसवताना."

मी काही बोललो नाही. मग तिनेच सांगितले. डावा पदर वर घ्यावा, हा तिकडे इ. स. ७१९ साली राजाज्ञेने घालून दिलेला नियम. स्त्री असो की पुरुष, जिवंत माणसाला तोच लागू. मृताच्या बाबतीत मात्र त्यांच्याकडे पुष्कळ गोष्टी मुद्दाम उलट करतात. एरवी कढत पाण्यात विसण घालतात, तर मृताला स्नान घालायच्या पाण्यात थंडावर कढत ओततात. ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांसमोर जपान राहिलेच नाही. वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी गुरुजी "अपसव्य करा" म्हणतात आणि मी जानवे डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतो, ते मला दिसले. देवांना सव्य आणि पितरांना अपसव्य, हे मी वर्षानुवर्षे करीत आलो होतो. एका खांद्याचा दुसरा खांदा झाला की जिवंतांचा कारभार मृतांचा होतो, हे ज्याला आपल्या घरात ठाऊक होते त्याने दुसऱ्याच्या घरातल्या डाव्या-उजव्याकडे इतक्या बेफिकिरीने पाहावे! चार संध्याकाळी खपून मी माझ्या आजारी मित्रासाठी प्रेतवस्त्र तयार केले होते आणि वर "लवकर बरा हो" असे लिहून ते टपालात टाकले होते.

"जाऊ दे काका," पुतणी म्हणाली. "त्यांना कुठे कळणार आहे?"

हे खरे होते. मुलुंडमध्ये कोणी ते ओळखणार नव्हते. मी शकुन-अपशकुन मानणारा माणूसही नव्हे. पण चूक दुसऱ्याला कळणार नाही म्हणून ती चूक नाहीशी होत नाही. आपण एकटेच तिचे धनी होतो, इतकेच. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी निघालो. पोस्टमनच्या आधी पोचलो तर काहीच सांगावे लागणार नाही, असा हिशेब होता. ज्या प्रवासाला मला इतके महिने सवड झाली नव्हती तो, कुर्ल्याला गाडी बदलूनही, तासाभरात संपला.

वहिनींनी दार उघडले आणि त्यांच्या खांद्यावरून मला समोरच कार्ड दिसले. खिडकीच्या कट्ट्यावर, औषधांच्या बाटल्यांना टेकून, ते उभे होते. शेजारी पलंगावर तो उशांना टेकून बसला होता. तो फारच उतरला होता. ज्या क्षणाला मी इतके दिवस भीत होतो तो येऊन गेला आणि मला काहीच झाले नाही; तो तोच होता. "अरे, तू कसा काय आलास?" त्याने विचारले. त्या प्रश्नात टोमणा नव्हता, म्हणून तो मला अधिक लागला.

काही तरी बनवून सांगावे असे क्षणभर मनात आले. पण मी सारे खरे सांगून टाकले. पुतणीची सूचना, माझी डावी बाजू, मृतांचा पदर, सगळे. वहिनींचा हात पदराकडे गेला. तो मात्र हसू लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, तरी त्याचे हसू थांबेना.

"शिंप्याच्या दुकानात इतकी वर्षे बसलास आणि एवढेही शिकला नाहीस? गिऱ्हाईक समोर उभे असले की त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो. नव्या पोराची पहिली चूक हीच. बाबा टेपने हातावर मारायचे आणि म्हणायचे, कपडा तुला घालायचा आहे का त्याला?"

मग त्याने कार्ड मागून घेतले, उजेडाकडे धरले आणि कडेवरून नख फिरवले. "कशाने चिकटवले आहेस?" मी म्हणालो, "खळीने." "मग सुटेल." त्याने वहिनींकडून ओले फडके मागवले, ते पिळून पदराच्या कडेवर ठेवले आणि आम्ही वाट पाहत बसलो. त्या पंधरा मिनिटांत आम्ही काय बोललो ते मला आठवत नाही. काय बोलावे याची मात्र एकदाही चिंता करावी लागली नाही. कड दमट झाल्यावर त्याने अंगठ्याच्या नखाने पदर अलगद उचलला. त्याची बोटे बारीक झाली होती, पण ती शिंप्याच्या मुलाची बोटे होती. वहिनींनी वाटीत थोडी कणीक कालवून शिजवून आणली. त्याने खालचा पदर वर घेतला, वरचा खाली घातला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "कार्ड बरोबर झाले असते तर आज कार्डच आले असते."

खांद्याशी कागदाचा एक पापुद्रा निघाला होता आणि तेथे पांढरा डाग राहिला. मी दुसरे करून आणतो म्हणालो. त्याने ऐकले नाही. हेच राहू दे, म्हणाला.

त्यानंतर दर गुरुवारी मी मुलुंडला जात असे. जाताना कागद आणि कातर बरोबर घेई. तो पदर बेती आणि मी खळ लावी. त्याच्या हातचे किमोनो माझ्यापेक्षा कितीतरी सरळ होत. वहिनींच्या नातीच्या बारशासाठी भांगेच्या पानांच्या नक्षीचे कार्ड आम्ही दोघांनी मिळून केले. पुढल्या वर्षी पावसाळा संपता संपता तो गेला. दुखणेच तसे होते. दुमडीचा आणि त्याच्या जाण्याचा काही संबंध नाही, हे मला समजते. तरीही ती दुमड आम्ही सरळ केली होती, याचे मला अजून बरे वाटते.

ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल ते घर जपानात नव्या वर्षाची कार्डे पाठवीत नाही. यंदा आमच्याकडून शुभेच्छा नाहीत, असे आधीच कळवते. आपल्याकडे अशा घरी पहिल्या दिवाळीला फराळ करीत नाहीत. आप्तेष्ट आपल्या घरचा फराळ तेथे नेऊन देतात. त्या दिवाळीत मी त्या घरासाठी कार्ड केले नाही. डबा घेऊन स्वतः गेलो. खिडकीच्या कट्ट्यावर आता बाटल्या नव्हत्या. कार्ड भिंतीला टेकून तेथेच उभे होते.

मी अजून कार्डे करतो. खिडकीपाशी बसतो, लाटेचा किंवा बाणाचा कागद निवडतो, बाह्या बेततो. पदर चिकटवायची वेळ आली की मात्र उठून उभा राहतो आणि कार्डाचे तोंड बाहेर करून ते स्वतःच्या छातीशी धरतो. तसे धरले म्हणजे नेसणाऱ्याचे डावे ते माझेही डावे होते. मग बसतो आणि खळ लावतो.